ओढा कुठून येतो?

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक दाट रान होते आणि त्या रानात अंगभर काटे असलेली एक साळू आपल्या दोन पिलांसह राहत होती. तिच्या बिळाजवळून ओढा वाहत असे. ओढ्याकाठी कोल्हा आणि कावळा यांचा रोज वाद चाले. कोल्हा म्हणे, "प्रत्येक गोष्टीला कारण असते. त्या कारणालाही कारण असते. असे मागे मागे गेलो की कोणीतरी पहिला हवाच. तोच देव!" कावळा मान तिरकी करून विचारी, "पहिला हवाच कशाला? या ओढ्याचेच बघ. पाण्यामागे पाणी, त्यामागेही पाणी. आरंभ नाहीच!" मुळे कुरतडता कुरतडता साळू दोघांचे ऐके आणि तिला दोघांचेही पटे.

एका उन्हाळ्यात ओढा एकाएकी आटला. पिले चिखल चाटू लागली. "देव कोपला," कोल्हा म्हणाला. "पाणी आपोआप आले, आपोआप गेले," कावळा म्हणाला. आणि दोघे पुन्हा वादाला बसले! साळूला राहवेना. "अहो, या ओढ्याला आरंभ आहे की नाही, ते वर जाऊन बघता येईल की!" असे म्हणून ती कोरड्या पात्रातून डोंगर चढू लागली.

चढता चढता तिला दगडांवर हिरवे शेवाळ दिसले. ती भराभर चढू लागली. पुढे दरड कोसळून मातीचा ढीग पडला होता. तिने नाक टेकवले. माती गार होती! ती दोन्ही पंजांनी उकरू लागली. नखे तुटली, ऊन डोक्यावर येऊन कलले, तरी ती थांबली नाही. आणि अचानक कातळाच्या भेगेतून पाणी उसळले ते थेट तिच्या तोंडावर! सारे काटे खळखळ वाजवत साळू नाचली. पाणी तिच्याआधीच धावत खाली पोहोचले. मागून येऊन साळूने कातळातल्या भेगेची सारी हकिकत सांगितली.

"सापडला ना आरंभ? म्हणजे देव आहे!" कोल्हा आनंदाने ओरडला.

"सापडला तो झरा," कावळा म्हणाला. "कातळात पाणी कुठून आले?"

साळू घटाघटा पाणी पिणाऱ्या पिलांकडे बघत होती. ती म्हणाली, "कातळाच्या आत माझी नखे पोहोचली नाहीत, तेव्हा आतले मला ठाऊक नाही. पण पाणी आले ना, तेव्हा 'फार उपकार झाले' असे मी मोठ्याने म्हणाले. कोणाला म्हणाले, ते अजून शोधते आहे!"

तात्पर्य : तर्क जी वाट दाखवतो, तिच्यावर स्वतःच्या पायांनी जावे, आणि जिथे पाऊल थांबते, तिथे "मला ठाऊक नाही" म्हणायला लाजू नये.