ट्राय करतो, बाय

खाडीकाठच्या एका गावात एक सुतार होता आणि त्याच्याजवळ इंग्रजीचा एक शब्द होता. पुरता एकच. तरुणपणी तो एका गोऱ्या साहेबाच्या जहाजावर कामाला होता. तिथे काही मोडलं, अडलं, की साहेब अंगातला कोट काढायचा, बाह्या वर सारायचा आणि ‘ट्राय’ असं काहीतरी म्हणत स्वतः कामाला भिडायचा. सुताराला तो शब्द फार आवडला. नोकरी सुटली आणि तो गावी परतला. बाह्या वर सारणं जहाजावरच राहिलं, शब्द तेवढा बरोबर आला.

सुताराचा हात चांगला होता आणि स्वभाव गोड. अडचण एकच होती. कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्याच्या जिवावर यायचं, आणि ‘हो’ म्हणून अडकून पडणं तर त्याहून नको वाटायचं. त्यामुळे हा शब्द त्याच्या चांगलाच पथ्यावर पडला. कुणी म्हणायचं, “मेस्त्री, पाळण्याचा पाय निखळलाय, बघता का जरा?” सुतार हसून म्हणायचा, “ट्राय करतो.” विचारणारा खुशीत घरी जायचा, सुतारही खुशीत राहायचा, आणि पाळणा महिनाभर भिंतीला टेकून उभा असायचा.

गाव काही खुळं नव्हतं. दोन-चार वर्षांत लोक शहाणे झाले. एकदा शाळेत गुरुजींनी विचारलं, “ट्राय म्हणजे काय?”

एक मुलगी चटकन उभी राहिली. “ट्राय म्हणजे नाही!”

“अगं, ट्राय म्हणजे प्रयत्न करणं.”

मुलीला ते पटेना. “पण गुरुजी, मेस्त्री ‘ट्राय करतो’ म्हणाले की आई लगेच पलीकडच्या गावचा सुतार बोलावते.”

सगळा वर्ग हसला. ही गोष्ट सुताराच्या कानावर आली तेव्हा तोही पोट धरून हसला. खरं तर ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती.

त्याच गावात एक कोळीण राहायची. नवरा वारलेला, एकुलती एक लेक खाडीपलीकडे दिलेली. लेक पहिलटकरीण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. “बाळंतपणाला येशील ना गं?” असं लेकीनं विचारलं होतं, आणि आईनं “येते” म्हणून सांगितलं होतं. पण होडीच्या तळाची फळी कुजली होती. गावातल्या बाकीच्या होड्या मासेमारीला लांब गेल्या होत्या, आणि खाडीला वळसा घालून पायी जायचं तर तीन दिवस लागायचे.

कोळीण सकाळीच सुताराच्या दारात आली. “मेस्त्री, उद्या संध्याकाळच्या भरतीला मला निघायलाच हवं. तेवढी एक फळी बसवून द्याल?”

सुताराचं मन हललं. त्या पोरीला त्यानं लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. हे काम करायचंच, असं त्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पण जिभेला लागलेली सवय ती कुठे जाणार? तो म्हणाला, “ट्राय करतो, बाय.”

कोळीण जागची हलली नाही. “मला नक्की सांगा. हो की नाही?”

आता ‘हो’ म्हणायला काहीच हरकत नव्हती. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण सुताराच्या मनात आलं, चांगलं लाकूड मिळालं नाही तर? आपण ‘हो’ म्हणून बसायचो आणि उद्या तोंड लपवायची पाळी यायची. तो पुन्हा म्हणाला, “अगदी ट्राय करतो बघ.”

कोळीण तशीच माघारी फिरली.

ती गेली आणि सुतार उठला. दहा घरं पालथी घालून त्यानं ऐनाचं जुनं लाकूड मिळवलं. किनाऱ्यावर जाऊन होडीचं माप घेऊन आला. तेव्हा कोळीण बाजारात गेली होती. मग दिवसभर तो जेवणाखाण्याचं भान विसरून राबला. इतकं मन लावून त्यानं कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं.

बायको म्हणाली, “अहो, तिला निरोप तरी पाठवा. जीव टांगणीला लागला असेल बिचारीचा.”

“झालं की सांगू,” सुतार रंधा मारता मारता म्हणाला. “आधी बोलून बसलो आणि जमलं नाही तर?”

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा फळी तयार झाली. ती खांद्यावर टाकून सुतार मोठ्या उत्साहात किनाऱ्यावर गेला. होडी जागेवर नव्हती.

जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, “ती तर पहाटेच्या भरतीलाच गेली. भेगेत चिंध्या कोंबल्या, वरून राळ थापली आणि निघाली. सकाळी वारा पडलेला असतो, फुटक्या होडीला तेवढंच बरं, म्हणाली.”

“पण मी फळी करत होतो ना!”

“तुम्ही तर नाही म्हणालात.”

“मी? मी कधी नाही म्हणालो?”

“ट्राय करतो म्हणालात ना?” म्हातारा सहज म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला.

सुतारानं फळी खांद्यावरून खाली ठेवली. तो वाळूवर खाडीकडे डोळे लावून बसला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, शेवटी मासेमारीहून परतणारी एक होडी किनाऱ्याला लागली. तिच्यात कोळीण होती. नखशिखान्त भिजलेली, थंडीनं कुडकुडणारी. तिची होडी अर्ध्या वाटेवर पाणी भरून बुडाली होती. ह्या लोकांची नजर पडली म्हणून ती वाचली.

तिला त्याच होडीनं पलीकडे पोचवायचं ठरलं. पण भरती ओसरली होती, संध्याकाळपर्यंत थांबणं भाग होतं. आणि तिची लेक त्याच दुपारी बाळंत झाली. लेक आणि नात दोघी सुखरूप राहिल्या, पण कळा येत होत्या तोवर लेकीचे डोळे दाराकडे लागले होते आणि दारात कुणी आलं नाही.

किनाऱ्यावर भरतीची वाट बघताना कोळिणीला ती फळी दिसली. तिनं ओल्या हातानं तिची कड चाचपली. फळी अचूक मापाची होती, खिळ्यांची भोकंसुद्धा पाडून झाली होती.

“मेस्त्री,” ती म्हणाली, “एवढं सगळं केलंत. मग काल नुसतं ‘हो’ म्हणायला काय झालं होतं?”

तिच्या बोलण्यात राग असता तर सुताराला बरं वाटलं असतं. तिला ते खरोखरच कळत नव्हतं.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: शब्दाचा अर्थ पुस्तकात काहीही लिहिलेला असो, आपल्या तोंडच्या शब्दाचा अर्थ लोक आपल्या वागण्यावरून लावतात, म्हणून करायचं असेल तर ‘हो’ म्हणावं, नसेल तर ‘नाही’ म्हणावं, आणि दुसऱ्याला मध्येच लोंबकळत ठेवू नये.