पिलाची हाळी

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा कोल्हे बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत. आता दोन्ही बंद पडलंय.

काळ्या रानाच्या मुलखात एक गाव होतं. तिथे तुळाजी नावाचा कोल्हेमाऱ्या राहायचा. थंडी पडली, शाळू कणसात आला, की कोल्हे रानात उतरत आणि कोकरं उचलून नेत. मग तुळाजीचा हंगाम सुरू होई.

त्याच्याकडे ना बंदूक, ना कुत्री. होता तो गळा. बांधाआड बसून तो कोल्ह्याच्या पिलाची हाळी द्यायचा. जखमी, एकटं पडलेलं, आईला शोधणारं पिलू! आवाज बारीक, पण कोसभर जाणारा. एकदा त्याने घरात बसून सराव केला, तर गोठ्यातल्या शेळ्यांना पान्हा फुटला. खोटं वाटत असेल तर शेळ्यांना विचारा, माझ्याकडे काय बघता?

हाळी ऐकली की कोल्हिणी जिवाच्या आकांताने धावत यायच्या. वाटेत कडब्याने झाकलेला खड्डा असे, त्याच्या तळाशी बाभळीचे टोकदार खुंट. पुढचं सांगत नाही, लहान पोरं ऐकतायत.

पाटलाने दवंडीच पिटवली होती : "दिवेलागणीला रानातून हाळी आली की दारं लावून घ्या! कुणी बाहेर पडायचं नाही, कुत्रं सोडायचं नाही. कोल्हा बुजला तर तुळाजीची मेहनत पाण्यात!"

सुरुवातीला बायका कानांवर हात ठेवत. मग ती हाळी ऐकता ऐकता भाकऱ्या थापू लागल्या. पुढे पुढे तर पोरं त्या आवाजावर झोपी जाऊ लागली.

होता होता रान ओस पडलं. एक म्हातारी कोल्हीण तेवढी उरली. हाळी आली की ती पलीकडच्या बांधापर्यंत यायची, थांबायची, बघायची आणि परत फिरायची.

एका संध्याकाळी तुळाजीने तिला हटकलं. "काय गं म्हातारे, हाळी खोटी आहे हे कळत नाही होय तुला?"

"कळतं की. माझं शेवटचं पिलू तुझ्याच खड्ड्यात गेलं."

"मग रोज मरायला कशाला येतेस?"

"एखाद्या दिवशी खरी असली तर?" कोल्हीण म्हणाली.

तुळाजी पोट धरून हसला. "म्हणूनच संपलात तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी सांजेला तो खड्ड्यावरचा कडबा सारखा करायला वाकला. काळी जमीन भेगाळलेली होती. काठ सुटला आणि तुळाजी आपल्याच खुंटांवर जाऊन पडला. एक खुंट मांडीतून आरपार गेला.

"धावा रे! पाटील! पारू!"

गाव कोसभर लांब. शब्द शाळवातच विरले. एवढ्या लांब जाणारा एकच आवाज त्याच्याकडे होता. त्याने तोच काढला.

गावात दारं पटापट लागली.

"आज काय गळा लागलाय गड्याचा!" पाटील घोंगडं ओढून घेत म्हणाला. "काटा आला अंगावर. म्हातारी कोल्हीण काही आज वाचत नाही."

तुळाजीची बायको पारू चुलीपुढे होती. तिचा हात थांबला. "आत्याबाई, आवाज येगळाच लागतोय आज. बघून येऊ का?"

"बस खाली," सासू म्हणाली. "कोल्हीण बुजली तर घर डोक्यावर घेईल तो."

पारूने भाकरी उलटली.

तिकडे खड्ड्याच्या काठावर दोन डोळे आले.

"आलीस?" तुळाजी कण्हला.

"हाळी ऐकली."

"गावात जा गं. कुणाला तरी घेऊन ये."

"मी दिसले की दगड घालतील. तूच शिकवलंस त्यांना. आणि तुला वर ओढायला मला हात नाहीत." एवढं बोलून ती काठाशी बसून राहिली. खालची हाळी बारीक होत गेली. ती थांबली, तेव्हा कोल्हीण उठली आणि रान सोडून गेली.

सकाळी पाटील माणसं घेऊन हसत हसत कोल्हीण उचलायला आला. माणसं खड्ड्यात डोकावली. मग कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

तुळाजीला गावात आणलं आणि पारूने हंबरडा फोडला. तो आवाज कानी पडला मात्र, गल्लीतली दारं सवयीने धडाधड लागली.

बोध एवढाच : जो दुसऱ्याच्या मायेचा सापळा करतो, त्याच्या खऱ्या हाकेलाही माणूस धावत नाही.