बिननावाच्या फोडांचं जातक

पूर्वी कदंबपूर नगरात पुण्यसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचं नाव भद्रक. हात हलका, बोलणं कमी, आणि नाडी पाहताना डोळे मिटून बसण्याचं सोंग त्याने कधी केलं नाही. म्हातारा राजवैद्य मेघदत्त थकला, तेव्हा राजाने त्याची जागा भद्रकाला दिली.

त्या नगराचा एक जुना नियम होता. ज्या आजाराला ग्रंथात नाव आहे, त्या माणसाला घरी राहता येई. मग त्या नावाखाली जो उपचार लिहिलेला असेल तो आरोग्यशाळेचे सेवक घरी येऊन करत. त्यात रोग्याचं काही चालत नसे, आणि राजवैद्याचंही. ज्या आजाराला नाव सापडत नसे तो शाप समजायचा, आणि त्या माणसाला वेशीबाहेर, ओढ्यापलीकडे नेऊन सोडायचं. त्यामुळे कदंबपूरचे वैद्य नाव दिल्याशिवाय कुणाच्या घरातून उठतच नसत. नाव मिळालं की घरच्यांना हायसं वाटे, वैद्याचा मानही राही. नाव बरोबर होतं की चूक, हे पुढे रोग्याच्या अंगावर कळे.

तिथे उत्पला नावाची एका कोष्ट्याची बायको होती. एका उन्हाळ्यात तिला फोड आले. आधी तोंडात, मग काखेत, मग पाठभर. पाण्याने टरारलेले, नुसता पदर घासला तरी फुटणारे. फुटला की खालचं मांस उघडं पडे आणि अंगाची लाही लाही होई. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या लुगडी विणली, त्या घरात तिला अंगावर धागा सहन होईना. तिची मुलगी सुमना लहान होती. ती धावत येऊन गळ्यात पडली की उत्पला किंचाळे, आणि पोर घाबरून दाराआड जाऊन उभी राही. फोडांचं दुखणं ती कसंबसं सोसत होती. दाराआडचं ते तोंड तिला सोसवत नव्हतं.

वैद्य आले. पहिला म्हणाला विसर्प, आणि जळवा लावल्या. दुसरा म्हणाला कुष्ठ, आणि बिब्ब्याचा लेप लावला; लेपाबरोबर कातडी निघाली. तिसऱ्याने मीठ बंद केलं, चौथ्याने दूध. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं चाललं होतं. शेजारणींचं तर काय, जिभेला हाड नसतं. "मागच्या जन्मी कुणाला तरी पोळवलं असेल हो," असं त्या, तिला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणत.

नावं बदलत गेली तशी कुजबुज वाढली की याला नावच नाही. गोष्ट राजाच्या कानावर गेली. नव्या राजवैद्याने रोग्याला पाहावं आणि दुसऱ्या दिवशी भरसभेत नाव सांगावं, असा हुकूम झाला.

भद्रक तिच्याकडे गेला. तोंडातल्या फोडांमुळे तिला शब्द धड उच्चारता येत नव्हते.

"वैद्यबुवा, उद्या काहीही नाव सांगा. सुचेल ते सांगा. मला घरातच मरू द्या. पोर डोळ्यांपुढे असली की झालं."

भद्रकाने तिची पाठ बराच वेळ पाहिली. ग्रंथ त्याला तोंडपाठ होते. आजवर कुणी न दिलेलं एकच नाव आता उरलं होतं, दाहमंजरी. आणि दाहमंजरीवर उपचार लिहिला होता तापल्या सळीचे डाग. हा आजार दाहमंजरी नव्हता, एवढं त्याला नक्की कळत होतं. मग तो कोणता होता, हे मात्र काही केल्या कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. मेघदत्त भद्रकाच्या कानाशी लागला. "अरे, दाहमंजरी म्हण आणि मोकळा हो. इथवर आलास ते काय हसं करून घ्यायला?"

भद्रक उभा राहिला आणि म्हणाला, "मला माहीत नाही, महाराज."

सभेत हशा पिकला. राजा म्हणाला, "राजवैद्यालाच माहीत नाही?"

"नाही, महाराज. ही दाहमंजरी नाही, हे माहीत आहे. डाग दिले तर ही बाई तडफडून मरेल, हेही माहीत आहे. आजार कोणता, ते मला माहीत नाही."

"मग नियमाप्रमाणे तिची जागा ओढ्यापलीकडे."

"तिची असेल तर माझीही," भद्रक म्हणाला, आणि राजवैद्याची शाल घडी करून त्याने आसनावर ठेवली.

उत्पलेला झोळीत घालून नेलं. झोळीच्या प्रत्येक हिसक्याला ती ओरडत होती. नवरा सुमनाला कडेवर घेऊन वेशीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. वेस मागे पडल्यावर उत्पलेने भद्रकाकडे पाहिलं. "तुमचं सत्य तुम्हाला लखलाभ," ती म्हणाली. "माझी पोर गेली."

हा बोल भद्रकाला लागला, आणि तो खराच होता.

ओढ्यापलीकडे जंगली केळी होत्या. भद्रकाने झोपडी बांधली. रोज सकाळी तो कोवळं पान कापी, पुसून त्याला तेल लावी आणि तिला त्यावर निजवी, कारण तेवढं एकच तिच्या कातडीला चिकटत नव्हतं. फोड बसत आणि पुन्हा येत. चार दिवस बरे गेले की तिला आशा वाटे, आणि पाचव्या दिवशी मांडीवर नवा फोड दिसे. त्या आशेचाच तिला संताप येऊ लागला. ती भद्रकाशी बोलत नसे. बाजाराच्या दिवशी नवरा पलीकडच्या काठावर येऊन सुमनाला उंच धरी. पुढे तो कधीमधी येऊ लागला. मग त्याने दुसरी बायको केली, आणि काठावर कुणी येईनासं झालं.

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "तुमच्या पेटीत विष असेलच."

"आहे. पण देणार नाही."

"औषध नाही, विष नाही, नाव नाही. मग रोज येता कशाला?"

"पान बदलायला," भद्रक म्हणाला.

ती हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं.

काही काळ गेला. एका दुपारी पिंगल नावाचा कुंभार सरपटत ओढा ओलांडून आला. त्याच्या अंगावर अगदी उत्पलेसारखेच फोड होते, आणि फोडांच्या मधूनमधून पाठभर काळ्या, चिघळलेल्या डागांच्या ओळी.

"मला दाहमंजरी आहे," तो म्हणाला. "मेघदत्तांनी स्वतः सांगितलंय." एवढं बोलताना त्याने मान जरा ताठ केली. डाग सहन होईनात म्हणून तो पळून आला होता. "पोरं बिचारी दारात उभी राहून पाहत होती," असं म्हणून तो रडू लागला.

उत्पला त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. मग तिने तळवे टेकून, कण्हत, स्वतःला पानावरून बाजूला ओढलं.

"वैद्यबुवा, माझं पान यांना द्या. आजचंच आहे." आणि पिंगलला म्हणाली, "दादा, पालथे निजा. कुशीवर वळू नका, चिकटतं."

पिंगल वाचला नाही. डाग खोल गेले होते. त्याला मूठमाती देऊन भद्रक परत आला, तेव्हा उत्पला म्हणाली, "सुमनासमोर झालं असतं हे."

"हो."

ती पुष्कळ रडली. तिने भद्रकाला क्षमा केली की नाही, ते कथा सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बोलू मात्र लागली. आणखी लोक येत गेले, कुणाला सळ्यांची भीती, कुणाला नाव न मिळालेलं. उत्पला पडल्यापडल्या त्यांना सांगे, फोड कुठे फोडायचा नाही, पाणी किती कोमट हवं, रडू आलं तर तोंड कुठे करायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ती स्वतः बरी झाली नाही. अशीच एका हिवाळ्यात गेली.

ती गेल्याचं कळून एक तरुण मुलगी ओढा ओलांडून आली. ती सुमना होती. तिने विचारलं, "माझ्या आईला काय झालं होतं? गावात प्रत्येक जण वेगळं सांगतो."

"मला माहीत नाही, बाळ."

"तुम्ही एवढी वर्षं तिच्याजवळ होतात ना?"

"होतो. तरी माहीत नाही."

सुमना तिथेच मटकन बसली आणि लहानपणी दाराआड जे रडली नव्हती ते रडली. आत कुणीतरी कण्हत होतं. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, कुडाला अडकवलेला विळा काढला आणि विचारलं, "कोवळं पान कोणतं घ्यायचं?"

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, नागदत्त नावाच्या भिक्षूच्या उशाशी बसून सांगितली. त्याच्या अंगावर फोड उठले होते, आणि बाकीचे भिक्षू उंबऱ्याबाहेरून आजाराची नावं सुचवत होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाची उत्पला म्हणजे हा नागदत्त. सुमना म्हणजे आज सकाळी याच्या पाठीला चिकटलेलं चीवर पाण्याने भिजवून ज्याने सोडवलं, तो वृद्ध भिक्षू. पुण्यसेन राजा म्हणजे याची खोली कुंपणाबाहेर असावी असं म्हणणारा. मेघदत्त म्हणजे काल दारातूनच नाव सांगून परत फिरला तो. आणि भद्रक वैद्य म्हणजे मी. ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्य शेवटपर्यंत नेण्याची, कथा आहे, भिक्षूंनो. माहीत नाही म्हणणं हे तिचं अर्धं अंग, आणि तसं म्हणून उठून न जाणं हे उरलेलं."

नागदत्ताने क्षीण आवाजात विचारलं, "भगवन, तेव्हा माहीत नव्हतं. आज तरी माझ्या आजाराचं नाव माहीत आहे का?"

"नावाने तुझी पाठ गार होणार नाही, नागदत्ता," असं म्हणून शास्ते उठले आणि विहारामागच्या केळींकडे चालू लागले. त्यांच्यामागून सगळे निघाले. दारातून परत फिरलेला तो भिक्षू त्या सगळ्यांत पुढे होता.