वाट न ठेवलेलं चित्र

डोंगराकाठच्या एका गावात केरोबा नावाचा चितारी राहत असे. राहत असे म्हणजे नावापुरता. एरवी त्याच्या पायाला भिंगरी. देव, राजे, हत्ती-घोडे असलं काही तो काढत नसे. वाळूवरच्या लाटा, खोडातली वलयं, शिंपल्यावरचे वळसे डोळे भरून पाहायचे आणि भिंतीवर नुसती रेघ फिरवायची. त्या रेघेपुढे लोक हात जोडत. केरोबाला ते मनापासून आवडे.

एकदा नातीच्या बारशाला लेकीकडे निघालेला असताना तो नदीच्या डोहाकाठी एका देवळात टेकला. डोहातला भोवरा पाहून त्याचे हात शिवशिवले. देवळाची झाडलोट करणारी म्हातारी साळुबाई म्हणाली, "काढ की. पण रेघेची टोकं जुळवू नकोस, बाबा. वाट ठेव."

"कुणाला?"

"जे आत येईल त्याला."

केरोबा हसला. त्यानं भिंतभर भोवरा काढला, टोकं जुळवली आणि नेमकं जोडावर ठसठशीत अक्षरांत आपलं नाव घातलं.

मग तो निघाला. टेकडी ओलांडली, तर समोर तेच देऊळ. दुसऱ्या वाटेनं गेला, तरी तेच. पायाशी मुंग्यांची रांग गोल फिरत होती. वर पाकोळ्या गोल फिरत होत्या, आणि एकही ओरडत नव्हती. डोहातलं पाणी थिजलं होतं. भोवरा तिथे नव्हताच.

साळुबाई भरली घागर घेऊन पायरीवर बसली होती. "मलाही घरी जायचंय रे," ती म्हणाली.

केरोबानं ओल्या फडक्यानं रेघ एका जागी पुसली. त्याच्या डोळ्यांदेखत ती भरून आली. दुसरीकडे पुसली, तिथेही तेच. नावाला मात्र त्याचा हात लागेना. आयुष्यातलं सगळ्यांत देखणं काम, आणि त्यावर नाव नको? तेवढ्यात भिंतीच्या आतून पाणी घुसमटल्याचा आवाज आला. केरोबाला दाराशी वाट पाहणारी लेक आठवली. त्यानं डोळे मिटले आणि नाव पुसून टाकलं.

त्याच्या अंगाला घासून काहीतरी गार, ओलं बाहेर सरकलं. डोह गरगरू लागला. मुंग्यांची रांग सरळ झाली. साळुबाईनं घागर उचलली आणि ती घराकडे चालू लागली.

केरोबा बारशाला पोचला. ते चित्र अजून भिंतीवर आहे. कुणी काढलं म्हणून विचारलं, तर लोक डोहाकडे बोट दाखवतात.

तात्पर्य: निसर्गाकडून घेतलेल्या गोष्टीला आपल्या नावाचं कुलूप घालू नये, त्यात आधी आपणच कोंडले जातो.