हत्तीवरची साखर

कोल्हापूरच्या पाणवठा तालमीच्या कट्ट्यावर वाद पेटला होता. आपल्या फुटबॉल संघाचा सर्वांत मोठा क्षण कोणता? कुणी चिखलातली बरोबरी सांगे, कुणी अडवलेली पेनल्टी. जुने गोलकीपर रंगूअण्णा ऐकत होते.

तेवढ्यात प्रतिस्पर्धी वेस तालमीचे अध्यक्ष सर्जेराव बुलेट थांबवून हसले. "घरात एक चषक नाही, आणि क्षण कसले मोजताय? आमच्याकडं तीस हाईत!"

"खरं हाय," अण्णा म्हणाले. "पण हत्तीवरून साखर किती वेळा वाटलीसा?"

"एकदाच!" सर्जेरावांनी मिशीला पीळ दिला. "उपांत्य फेरीत तुम्हाला शेवटच्या मिनिटाला हरवलं तवा."

"ऐका पोरांनो," अण्णा उठले. "यांचे तीस चषक आले, हत्ती निघाला न्हाई. आमच्या तावडीतनं सुटले, तवा निघाला."

दुसऱ्याच दिवशी पाणवठा तालमीच्या भिंतीवर तो पराभव 'आमचा सर्वांत मोठा क्षण' म्हणून मोठ्या अक्षरांत रंगवला गेला, शेजारी हत्तीसकट.