तीन झाडांवरच्या तिघी

रानात माणसाची पायवाटही नव्हती तेव्हाची गोष्ट. भुरक्या वानराच्या कळपात तीन म्हाताऱ्या दिवसभर एकमेकींच्या उवा काढत बसत. नकटीचं नाक तिखट, कानपीचे कान, टिपरीचे डोळे. उग्र दर्प आला, पाचोळा वाजला, ठिपके हलले, की एकीचं अंग शहारे, ते दुसरीच्या बोटांना कळे आणि तिघी एकदम ओरडत, "बिबट्या!" कळप शेंड्यावर.

म्होरक्या भुरक्याला मात्र त्यांचं ते बसणं खुपे. "तिघी तीन झाडांवर बसा. राखण चौफेर होईल."

"नाईक, मला नुसता वास येतो," नकटी म्हणाली. "तो कुणाचा, हे जवळ बसल्यावरच उमजतं."

"जन्म गेला बिबट्या ओळखण्यात, आणि म्हणे उमजत नाही!" भुरक्या हसला.

तिघी तीन झाडांवर जाऊन बसल्या. चौथ्या दिवशी नकटीला वास आला. तिने नाक खाजवलं. कानपीला पाचोळा ऐकू आला. हरीण असेल म्हणाली. टिपरीला ठिपके दिसले, ते तिला पानांतून पडलेलं ऊन वाटलं. खाली भुरक्याची लेक झिपरी भोकरं वेचत होती. ती परत वर आली नाही.

भुरक्याने तिघींना हात धरून एका फांदीवर आणून बसवलं. बोटं पुन्हा केसांतून फिरू लागली. थोड्या वेळाने नकटीला भोकराचा वास आला, कानपीला झिपरीची लाडकी फांदी करकरलेली ऐकू आली, टिपरीला खाली झिपरीच्या केसांसारखं काहीतरी पिवळसर दिसलं.

"झिपरी!" तिघी एकदम ओरडल्या.

एकत्र बसल्या की त्या कधी चुकत नसत. म्हणून भुरक्या धावत खाली उतरला. तिथे झिपरी नव्हती, अर्धं खाल्लेलं भोकर तेवढं पडलं होतं.