डोळे नसलेलं बी

एका राज्यात असा दंडक होता, की बाईनं नांगराला शिवायचं नाही. बी राखेत घोळून कणगीत जपायचं बाईनं, निंदायचं-कापायचं बाईनं. नांगर मात्र पुरुषाचा. पेरणीआधी बी मांत्रिकाच्या ओट्यावर मंतरायला जाई. तिथंही बाईला मज्जाव.

तीन वर्षं त्या राज्यात कोंब फुटला नाही. दर वर्षी मांत्रिक म्हणे, "कुणा रांडमुंडीनं नांगर धरला." दोघी सीमेपार गेल्या, त्यांची रानं मांत्रिकाकडे गेली. तिसऱ्यांदा नाव निघालं बुधलीचं. तिनं खरंच एक दिवस नांगर धरला होता. धनी मेला, ओल निघून चालली होती, करणार काय? पण तिचं रान मांत्रिकाच्या बांधाला लागून. तिच्या मनात पाल चुकचुकली.

राजा म्हणाला, "तीन कामं कर, नाहीतर राज्य सोड. टोपलीत पाणी आण. तापला फाळ उचल. मेलं बी उगवून दाखव."

बुधलीनं टोपली शेणामातीनं सारवून वाळवली, पाणी आणलं. दरबार हसायचा थांबला.

लालबुंद फाळाला ती म्हणाली, "एक दिवस तुला धरलं होतं. ओळख आहे ना?" फाळ गार झाला. तिनं तो उचलला, आणि खाली ठेवला नाही.

मग मेलं बी तिच्यापुढं ठेवलं, तेवढ्यात टिटवी आली. "बुधले, बी नीट बघ."

"तू कुणाच्या बाजूची?"

"माझ्या पिल्लांच्या. रान ओस पडलं, किडा मिळत नाही."

हे बुधलीला पटलं. तिनं दाणा निरखला. कोंबाचा डोळाच नव्हता.

"महाराज, कणगीत भरताना प्रत्येक दाण्याला डोळा होता." तिची नजर मांत्रिकाच्या गळ्यावर गेली. बारीक पिवळ्या मण्यांची माळ, तीन पदरी. पहिल्या वर्षी एकच पदर होता.

मांत्रिक मागं सरला. "बाईनं माळेला शिवू नये."

"नांगराला नाही, ओट्याला नाही, आता माळेलाही नाही. जिथं तुझी चोरी, तिथं आमचा विटाळ होय रे?"

तिनं फाळानं दोरा तोडला. डोळे उडाले, ज्याच्या त्याच्या दाण्यात बसले. दरबारातच कोंब फुटले. मांत्रिकाचं बुजगावणं झालं, ते टिटवीच्या पिल्लांच्या राखणीला रानात उभं केलं.

राजानं दंडक मोडीत काढला, सीमेपार गेलेल्या दोघींना बोलावून त्यांची रानं त्यांना दिली. तेव्हापासून पेरणीआधी प्रत्येक पोतं बुधली तपासते.

"माझंही?" राजानं विचारलं.

"तुमचं आधी."

राजानं आपल्या पोत्याचं तोंड सोडलं. पीक आलं, पोटं भरली, आणि बायकांची नजर बियाण्यावरून अजून हललेली नाही.